दुपारची रेघ

२ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. तुमचा फोन तुम्ही इथे फ्रिजवर ठेवून गेलात. ताईंच्या फोनवर केला, तर मागून तुमचा आवाज येतो, ‘झोपलेय म्हणून सांग.’ झोपलेलं माणूस इतक्या खणखणीत आवाजात बोलत नाही. म्हणून आता हा कागद. लेकीच्या घरी निवांत बसला आहात, तर वाचा.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. त्या दिवशी मी फोनवर विचारलं, ‘आई, तिला काय खायला दिलंत?’ यात माझं काही चुकलं नाही. तुम्ही म्हणालात, ‘काही नाही.’ इथेच तर घोडं पेंड खातं. भिंगरीच्या दंडावरची ती चकती तिच्या अंगातली साखर सारखी मोजत असते. आकडा तिच्या छोट्या फोनवर जातो, तिथून माझ्या फोनवर. मी गाडीत एका शिकाऊ बाईंना क्लच समजावत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावरची साखरेची रेघ सरसर वर चढली. काही खाल्ल्याशिवाय रेघ अशी चढत नाही. संध्याकाळी घरी आले, तर कचऱ्यात क्रीमच्या बिस्किटांचा रिकामा पुडा. मग मी म्हणाले, ‘खोटं कशाला बोलता?’ आणि तुम्ही बॅग भरलीत.

‘नातीच्या दंडाला यंत्र लावून सुनेने माझ्यावर पाळत ठेवली,’ असं तुम्ही ताईंना सांगितलंत. ताईंनी मला सांगितलं. आधी हसू आलं, मग राग आला, मग भांडी घासताना एक कप फुटला. तुमचा नाही, माझाच.

पाळत कसली, आई? नऊ वर्षांच्या पोरीला मधुमेह आहे. गेल्या वर्षी साखर एकदम उतरली आणि ती शाळेच्या मैदानावर कोसळली. तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी तुम्हीच बसला होतात. तुमच्याच हातात माझा हात होता. ती चकती त्यानंतर आली. मी समोर नसताना घरी धावपळ बंद, हा नियमही त्यानंतरच आला. मला हौस नव्हती.

बाकी इकडे उत्तम. शाळेतून आली की जेवते आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन बसते. टीव्ही बघते, चित्रं रंगवते. भिंगरी नाव बदलावं लागेल इतकी शांत झालीय. तुमच्यावाचून कोणाचं काही अडलेलं नाही. दुपारी रेघ जरा वर असते, पण ते हवा बदलतेय म्हणून.

तुमच्या चिरंजिवांनी तुमच्या चष्म्याच्या नव्या काचा घासून तयार ठेवल्यात. चष्म्यांच्या दुकानातून रोज खिशात घालून घरी आणतात आणि रोज परत नेतात. बोलत काही नाहीत. तुमच्यावर गेलेत.

तुमची
(कोण, ते तुम्हीच ठरवा)


११ फेब्रुवारी

आई,

उत्तर नाही. हरकत नाही. समोरच्याने हूं की चूं केलं नाही तरी बोलत राहायचं, हाच माझा धंदा आहे.

आज एक किरकोळ गोष्ट विचारायची आहे. चार्जर फ्रिजमागे पडला म्हणून फ्रिज सरकवला. मागे एका पिशवीत गुंडाळलेले कॅनव्हासचे बूट निघाले. पांढरे, म्हणजे एके काळी पांढरे. तळवे झिजलेत, नाड्यांना गाठी मारल्यात. तुमचे चिरंजीव म्हणाले, ‘माझे नाहीत, माझा अंगठासुद्धा जाणार नाही यात.’ माझ्याही पायाला लहान. भिंगरीला मोठे. आधीच्या भाडेकरूंचे असतील म्हणून मी केराच्या डब्याकडे निघाले, तर ही पोरगी मध्ये आडवी पडली. ‘टाकायचे नाहीत!’ मी म्हटलं, ‘कोणाचे आहेत?’ तर म्हणे, ‘मला काय माहीत?’ माहीत नाही आणि टाकायचेही नाहीत. हा आडमुठेपणा कोणाकडून आला, हे मी कागदावर लिहीत नाही.

रविवारी भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकते. तुमची काही हरकत नसावी.

खालच्या काकू परवा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, ‘हल्ली डोक्यावर कसं शांत वाटतं हो!’ मला वाटलं, आपल्या भांडणांबद्दल टोमणा आहे. मी म्हटलं, ‘भांडायला दुसरं माणूसच नाही उरलं.’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले.

तुमचे गुडघे कसे आहेत? ताईंकडे लिफ्ट नाही आणि त्या राहतात तिसऱ्या मजल्यावर, म्हणून विचारलं. इथे तर कोपऱ्यावरून भाजी आणायचं म्हटलं की तुमचे गुडघे लगेच धरायचे. तेल राहिलंय इथेच. हवं असेल तर तसं कळवा. तेलापुरतं बोललात तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात भिंगरीला डॉक्टरबाईंकडे न्यायचं आहे. काळजीचं काही नाही. म्हणजे, फारसं नाही.

तुमची,
तीच


२० फेब्रुवारी

आई,

वा! दोन पत्रं गेली, चष्म्याबद्दल चकार शब्द नाही, नातीबद्दल नाही, तेलाबद्दल नाही. आणि काल ताईंचा फोन आला की, ‘आई विचारतेय, ते बूट भंगारात दिले का?’

नाही दिले. रविवारी भंगारवाला आला तेव्हा बूट जागेवर नव्हते. भिंगरीने लपवले आहेत. कुठे ते सांगत नाही. पण मला एक सांगा, तुम्हाला त्या फाटक्या बुटांचा एवढा पुळका का? ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘मलाही सांगत नाही. नुसतं तोंड फिरवून बसली.’ तुम्ही तिकडे तोंड फिरवून, ही इकडे तोंड फिरवून, आणि मध्ये मी.

आता खरं लिहिते. मागच्या दोन्ही पत्रांत लिहिलं ते झाकून लिहिलं होतं. दुपारची रेघ जरा वर नाही, चांगलीच वर असते. जेवणानंतर चढते आणि तिथेच ठाण मांडून बसते, पार रात्रीच्या जेवणापर्यंत. इंजेक्शन तेच, जेवण तेच, मी वाटीने मोजून वाढते. तरी उतरत नाही. डॉक्टरबाईंनी महिन्याभराच्या रेघा समोर मांडल्या आणि विचारलं, ‘दुपारी काय बदललं?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ म्हणाल्या, ‘मग पुढच्या महिन्यापासून दुपारी आणखी एक इंजेक्शन सुरू करू.’

दिवसाला चार सुया ती घेतेच आहे. स्वतःच्या हाताने घेते, तुम्ही शिकवलंत तशी गाणं म्हणत. पाचवीचं नाव काढल्यावर रडली नाही. गाडीत मागच्या सीटवर बसली आणि खिडकीला नाक लावून घरापर्यंत आली. रडली असती तर बरं झालं असतं.

मी तुम्हाला परत बोलावत नाहीये. पण तुम्ही तिच्याजवळ असायचात. दुपारी ती काय करायची? तुम्ही काय करायचात? काही आठवत असेल तर कळवा. मला राग आहेच, तो मी जपून ठेवलाय, नंतर बघू. हे आधी सांगा.

तुमची सून


२४ फेब्रुवारी

आई,

हे पत्र मी घरासमोर गाडी उभी करून, स्टिअरिंगवर वही ठेवून लिहितेय. अक्षर तसंच वाचा.

आज दुपारी शिकवायला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. पूल चढत होतो. माझा फोन वाजला. रेघ चढली नव्हती, उतरली नव्हती. तुटली होती! आकडा नाही, काही नाही, नुसता कोरा पडदा. भिंगरीचा छोटा फोन तिच्यापासून लांब गेला की असं होतं. मी काकूंना फोन केला. म्हणाल्या, ‘मघाशी वही आणायला वर गेली की.’ मघाशी म्हणजे कधी, ते त्यांना सांगता येईना. टीव्हीचा आवाज मला इकडे ऐकू येत होता.

मला ते मैदान दिसलं. मुख्याध्यापकांना शेजारी बसवलं आणि मी गाडी हाणली. गाडी कशी चालवू नये, हे त्यांना आज फुकटात शिकायला मिळालं. उतरताना बिचारे म्हणाले, ‘तुम्ही पळा, गाडी मी बघतो,’ आणि खरंच नीट लावून गेले.

घराला बाहेरून कुलूप. मी हाका मारत जिना चढले. आणि वरून आवाज आला, धप्. धप्. गच्चीच्या दारासमोरचा तो लांब बोळ आहे ना, तिथे ही पोरगी एकटी दारावर चेंडू मारत होती. घामाघूम. आणि पायात ते कॅनव्हासचे बूट! पुढे मोजे कोंबून घातलेले.

‘फोन कुठाय?’ मी ओरडलेच.

‘खाली. काकूंच्या उशीखाली.’

‘का?’

‘जवळ असला की तुला दिसतं. तुला दिसलं की तू विचारतेस. तू विचारलंस म्हणून आजी गेली.’

आई, मी तिथेच पायरीवर बसले. तिने मला शेजारी सरकायला सांगितलं, खिसा उलटा केला आणि सगळं माझ्या मांडीवर मांडलं. बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र, ग्लुकोजची पुडी, दोन क्रीमची बिस्किटं. म्हणाली, ‘आधी खिसा, मग बूट. आजीचा नियम आहे.’ बोट टोचलं. साखर उतरायला लागली होती, पण धोका नव्हता. पुडी पाण्यात घालून पाजली. ती पीत होती आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत होते, आणि मग एकेक बाहेर पडायला लागलं.

‘रोज खेळायचात?’

‘जेवण झालं की रोज. मी मारायची, आजी अडवायची.’

‘कोण आजी?’

‘आपली!’

‘अगं, तिचे गुडघे?’

‘गोलमध्ये नाही दुखत. भाजी आणतानाच दुखतात.’

आई! मी दीड वर्ष त्या गुडघ्यांना तेल चोळतेय!

मग त्या दिवसाचंही कळलं. खेळता खेळता ती थरथरायला लागली, वेड्यासारखं काहीतरी बोलायला लागली. माझ्या फोनची घंटा वाजायच्या आत तुम्ही तिचा चेहरा बघून ओळखलंत. पायरीवर बसवलंत, हाताला लागेल ते दिलंत, अख्खा पुडा आणि वर साखरेचा चहा. म्हणून रेघ तशी चढली होती. मी विचारल्यावर खरं सांगितलं असतंत तर मी खेळ बंद केला असता, म्हणून ‘काही नाही’ म्हणालात. आणि पोरीकडून वचन घेतलंत. त्या वचनापायी ती पाचवी सुई घ्यायला तयार झाली, आई. सांगितलं नाही.

खेळ मी बंद केला असता, हे खरं आहे. त्याच दिवशी केला असता.

काकू आल्या होत्या मघाशी. म्हणे, ‘धपधप होते म्हणून मी तुमच्या सासूबाईंकडे दोनदा तक्रार घेऊन आले होते. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.’ म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. मी सोडून.

वर जाते आता. चिरंजीव तिच्याजवळ बसलेत, पण पोरीला भूक लागली असेल.

सून


२६ फेब्रुवारी

आई,

काल डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. गोलकीपरसकट. त्या हसल्या नाहीत, त्यांनी जुन्या रेघा काढल्या. तुम्ही इथे असतानाच्या. दुपारी जेवणानंतर छोटीशी टेकडी, आणि मग रेघ हळूहळू खाली येऊन सरळ चालत गेलेली. रोज. तुम्ही गेल्यानंतरच्या रेघा त्याच्या शेजारी ठेवल्या, तर मला बघवेना. मी या रेघा रोज बघत होते हो! मला वाटायचं, इंजेक्शनचा डोस किती छान बसलाय. यंत्राने तुमची चहाडी एकदाच केली, पण तुमच्या बाजूने ते रोज सांगत होतं. मी फक्त घंटा वाजली की बघायची.

आता बाईंचा निकाल ऐका. पाचवी सुई रद्द. दुपारचा खेळ चालू ठेवायचा, जेवणाआधीचा डोस त्यांनी थोडा कमी केलाय. खेळण्याआधी आणि नंतर साखर बघायची. मोठं माणूस जवळ हवंच. आणि साखर उतरली तर आधी ग्लुकोजचं पाणी. क्रीमची बिस्किटं नाहीत, ती सावकाश लागू पडतात आणि नंतर उगाच चढवतात. तेव्हा फार फुशारू नका, तुम्हालाही शिकायचं आहे. माझा नियम बदलला, तुमची बिस्किटं बदलली. फिट्टंफाट.

काल गोलमध्ये मी उभी राहिले. किती गोल झाले ते विचारू नका. भिंगरी म्हणाली, ‘आई, चेंडू आला की तू डोळे मिटतेस. आजी नाही मिटत.’ जिन्यात बसून बघणारे तुमचे चिरंजीव पोट धरून हसले. ते इतके हसलेले मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेले नाहीत.

आता मुद्द्याचं. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मी तो दाबला की शिकणाऱ्याला लगेच कळतं, आणि मग दिवसभर त्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि माझ्या पायाकडे जास्त. चांगला चालवणारासुद्धा चुकायला लागतो. तुमचं तसंच झालं असणार. म्हणून मी असं ठरवलंय. दुपारी तीन ते पाच छोटा फोन तुमच्या हातात. माझ्या फोनवर फक्त धोक्याची घंटा वाजेल, तेवढी मी ठेवणार, त्यावर घासाघीस नाही. बाकी रेघ त्या वेळात मी उघडणारसुद्धा नाही. पण खरं बोलायचं. दिलं तर दिलं म्हणायचं, पडली तर पडली म्हणायचं. मी ओरडले तर उलट ओरडा, पण बॅग भरायची नाही.

घरात तुमच्याशिवाय भयंकर शांतता आहे. मला ती सहन होत नाही. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की कोणाचं काही अडलेलं नाही, ते वाक्य खोडा.

बूट फार घाण झालेत. धुऊन गॅलरीत वाळत घालते. या.

तुमची सून


गुरुवार, सकाळ

आई,

ताईंनी तुमच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. इतक्या पत्रांना मिळून तुमचं उत्तर एवढंच : ‘बूट धुऊ नकोस, आटतात. गुरुवारी तीनपर्यंत पोचते.’ उशीर झाला, धुतले होते. पण आटले नाहीत. ओले असतानाच भिंगरीने आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलं होतं. नाड्या नव्या घातल्यात.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, उजव्या बुटात ठेवतेय. म्हणजे पाय घालायच्या आधी वाचावं लागेल.

चिरंजीव स्टेशनवर येतील. खिशात चष्मा असेल. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल, पण तो लगेच डोळ्यांवर चढवा, त्यांना तेवढंच हवं आहे. ग्लुकोजच्या पुड्या दारामागच्या पिशवीत आहेत, छोटा फोन फ्रिजवर, तुमच्या फोनच्या शेजारी. काकूंना मी चहाचा मोठा डबा नेऊन दिलाय, त्या दुपारी बहिणीकडे जायला लागल्यात.

तीन वाजता मी गाडीत असेन. मुख्याध्यापक आजही येणार आहेत, त्यांनी गाडी शिकायला दुसरी शाळा धरली नाही याचं मला कौतुक वाटतं. माझा फोन पुढचा खण बंद करून आत ठेवलेला असेल. घंटा वाजली तर ऐकू येईल, नाही वाजली तर मी उघडणार नाही. माझा हात शिवशिवेल, मला माहीत आहे, पण मी उघडणार नाही.

संध्याकाळी घरी आले की दारातूनच विचारेन. काय दिलंत, ते नाही. कोण जिंकलं, ते.

तुमची सून